ऐंशीव्या दिवसाचं तेल

मी यहुदी नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पहिल्या पाच मिनिटांत लोक तेच विचारतात. मी भांडुपची. वडील रेवदंड्याकडचे, मिलमध्ये होते, मिल बंद पडल्यावर एका बिल्डिंगवर वॉचमन झाले. त्यांच्या तोंडी या समाजासाठी एकच शब्द होता, शनवार तेली. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून ठेवायचे, म्हणून. आपली मुलगी एक दिवस त्यांचेच जुने कागद चाळून पोट भरेल असं कुणी सांगितलं असतं, तर वडील हसले असते.

कागद घाटकोपर पूर्वेला आहेत, एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावरच्या वन बीएचकेत. आम्ही त्याला आर्काइव्ह म्हणतो, सोसायटीचा सेक्रेटरी गोडाऊन म्हणतो. खरं सांगायचं तर तो चूक नाही. किचनच्या ओट्यापर्यंत खोकी रचलेली आहेत. सुंतेच्या नोंदवह्या, लग्नाचे करारनामे, कबरींवरच्या दगडांचे फोटो आणि कोकणातल्या बंद पडलेल्या मशिदींच्या वह्या. हो, मशिदीच. हे लोक आपल्या सिनेगॉगला, म्हणजे प्रार्थनाघराला, मराठीत मशीदच म्हणत आले, आणि गावात त्यांची वस्ती असेल तर तिला इस्राईल आळी. आता आळ्या रिकाम्या आहेत, माणसं परदेशी गेली, वह्या आमच्याकडे आल्या.

माझ्या कामाचे दोन भाग. सकाळी वंशावळ, दुपारी देणगी. नीट बघितलं तर काम एकच आहे. परदेशात बसलेल्या माणसाला त्याचा पणजोबा शोधून द्यायचा, तो डोळे पुसत असतानाच आपलं छप्पर गळतंय म्हणून सांगायचं. पहिली दोन-तीन वर्षं मला हे फार भारी वाटायचं. मग तीच पत्रं, तेच 'आपल्या मुळांशी नातं', तेच 'आपली छोटीशी मदत', लिहून लिहून माझा जीव विटला. रात्री डोळे मिटले तरी कुणाची तरी वंशावळ दिसायची आणि तिच्यात एक चौकोन रिकामा असायचा. पण पगार वेळेवर होत होता, गुडघे दुखत होते, या वयात दुसरीकडे कोण घेतंय?

आर्काइव्ह चालवतात ते सर याच समाजातले. कॉलेजात शिकवून रिटायर झालेले, सत्तरी ओलांडलेली, आवाज कधी चढत नाही. माझा दर अर्ध्या तासाला चढतो, म्हणून आमचं जमतं. सरांचा एकच नियम कडक. जुना कागद कचऱ्याच्या डब्यात जाता कामा नये. दाराआड एक गोणी ठेवलेली असते. ज्या कागदावर देवाचं नाव आलं तो फेकायचा नसतो, पुरायचा असतो, अशी त्यांच्यात रीत आहे. फाटकी प्रार्थनापुस्तकं, सुटी पानं, सगळं त्या गोणीत. गोणी भरली की कबरस्तानात नेऊन कोपऱ्यात खड्डा खणतात आणि माणसासारखी पुरतात. मला सुरुवातीला हे अतीच वाटलं होतं. नंतर हाताला सवय लागली, कागदाचा कपटासुद्धा मी गोणीतच टाकायला लागले.

तेलाच्या वह्या एका गावच्या मशिदीतून आल्या, पत्र्याच्या ट्रंकेत. लांबट, लाल कापडात बांधलेल्या, बोरूने लिहिलेल्या. प्रत्येक पानावर सगळ्यात वर एक ओळ देवाच्या नावाची. खाली डावीकडे कुणा बाईचं नाव, मग घर कुणाचं ते, मग एक आकडा, मग 'दिव्यास तेल'. आकडा दरवेळी एक तर चाळीस नाहीतर ऐंशी. मी अर्धा तास वह्या चाळल्या आणि ठरवून टाकलं, मशिदीच्या दिव्याला बायकांनी दिलेलं तेल आणि त्याचं काहीतरी माप. अर्धा तास! आणि मी स्वतःला वंशावळवाली म्हणवते.

पण पानं दिसायला सुंदर होती. तेव्हा माझ्या डोक्यात कल्पना आली, आणि ही कल्पना माझीच, सरांच्या माथी मारत नाही. मोठी देणगी देणाऱ्याला नुसतं आभाराचं पत्र पाठवायच्याऐवजी या वहीतलं एक पान फ्रेम करून पाठवायचं. खरंखुरं जुनं पान, पूर्वजांच्या मशिदीतलं. सरांनी चष्मा काढून विचारलं होतं, "वंशावळीला उपयोग नाही ना याचा?"

"काही नाही सर. बायकांच्या तेलाचा हिशोब आहे."

हे मी असं म्हटलं की जणू बायकांचं काही लिहिलेलं असूच शकत नाही. मी, एक बाई.

मग स्टीलची पट्टी आणि कटर घेऊन मी पानं सुटी केली. डाव्या कडेला कसर लागलेली असेल तर तेवढी पट्टी कापून टाकायची, म्हणजे फ्रेममध्ये छान बसतं. कापलेल्या पट्ट्या गोणीत, कारण वरच्या ओळीचा तुकडा त्यांवर यायचा. फ्रेम मालाडचा एक माणूस करून द्यायचा. दोन वर्षांत पन्नासेक पानं गेली. लोकांनी भिंतीवर लावली, फोटो पाठवले, देणग्या वाढल्या. सर म्हणाले, "झकास काम केलंस." त्यांच्या तोंडी झकास म्हणजे पद्मश्रीच की. एक फ्रेम आम्ही ऑफिसातही लावली, माझ्या खुर्चीच्या मागे.

मावशी आल्या त्या एका गुरुवारी. ऐंशीच्या आसपास वय, भांडुपला चाळीत एकट्या राहणाऱ्या, म्हणजे माझ्याच बाजूच्या. हातात एक फॉर्म, चार घड्या घातलेला. त्यांचे मिस्टर या समाजातले, कंपनीत फिटर होते. ते दोन वर्षांपूर्वी वारले, कबरस्तानात त्यांच्या शेजारची जागा मावशींसाठी ठेवलेली होती. पण कबरस्तानात जागा कमी पडायला लागली, कमिटीने सगळ्यांचे कागद मागवले, आणि मावशींच्या फॉर्मवरचा एक रकाना रिकामा राहिला. आईचं नाव.

"मला माहीत नाही गं," मावशी म्हणाल्या. "मी अंगावर पीत होते तेव्हाच ती तापाने गेली. बाप नोकरी शोधायला मुंबईला म्हणून गेला तो परत आला नाही. शेजारच्या कुणब्याच्या बायकोने मला वाढवलं. शाळेत तिचंच आडनाव लागलं. ती माझ्या आईला नुसती 'वहिनी' म्हणायची. नाव विचारावं असं मला तेव्हा सुचलं नाही, आणि मला सुचलं तोवर ती पण गेली."

लग्न रजिस्टर झालं होतं. नवऱ्याने आयुष्यभर 'तू आमचीच' म्हटलं आणि त्यावर कुणी कागद मागितला नाही. आता मागत होते. त्यांच्यात आई समाजातली असेल तर मूल समाजातलं, बाप कोण याने काम भागत नाही. कमिटीतले तिघे म्हातारे काही वाईट नव्हते. एकाला आज हो म्हटलं तर उद्या दहा जण येतील, एवढंच त्यांचं म्हणणं. वर्षअखेरपर्यंत नाव मिळालं नाही तर शेजारची जागा दुसऱ्याला द्यावी लागेल, असं त्यांनी मावशींना नीट बसवून, चहा पाजून सांगितलं होतं.

मावशींना वडिलांचं नाव आणि गाव पक्कं ठाऊक होतं. मी सुंतेची वही काढली. सुंता मुलाची होते, त्या वहीत मुलगेच. मुलगी जन्मली तर लिहायला जागाच नाही. मुलगी पहिल्यांदा कागदावर येते ती लग्नाच्या करारात, तिथेही अमक्याची मुलगी, बापाचं नाव. आई कुठेच नाही. मावशींच्या आईबापांचा करार आमच्या खोक्यांत नव्हता, आईच्या कबरीवर दगडही नव्हता. हे मी शेकडो वंशावळींत पाहिलं होतं. मी वही मिटली आणि मावशींना सांगितलं, "नाही मिळणार."

"बरं," म्हणाल्या, आणि पुढच्या गुरुवारी परत आल्या.

दर गुरुवारी यायच्या. डब्यात गूळ-खोबरं घातलेले पोहे आणायच्या, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायच्या. मी वैतागायची. समोर अमेरिकेतल्या कुणाची तरी मोठी वंशावळ अर्धी पडलेली, त्या देणगीवर आमचं भाडं अवलंबून, आणि ही बाई स्टुलावर गप्प बसून. एकदा मी चक्क बोलले, "मावशी, तुम्ही रोज आलात तरी नसलेली नोंद उगवणार आहे का?" त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. मी पोहे खाल्ले. मला स्वतःचा राग आला, पण कामाचा त्याहून जास्त.

पाचव्या-सहाव्या गुरुवारी त्या उठून माझ्या खुर्चीमागे गेल्या आणि फ्रेमसमोर उभ्या राहिल्या. बोटाने एकेक अक्षर लावत वाचत होत्या. मी टाइप करत होते.

"ही आमच्या गावच्या मशिदीची वही का गं?"

"हो. तेलाचा हिशोब."

"हिशोब कसला? पोरांची वही आहे ही. मुलगा झाला तर बाईने चाळीस दिवस मशिदीत जायचं नाही, मुलगी झाली तर ऐंशी. दिवस भरले की बाळाला घेऊन जायचं आणि दिव्याला तेल घालायचं. हे बघ, हिला मुलगी. हिला मुलगा. हिला मुलगी."

माझे हात की-बोर्डवरच राहिले.

"मला वाढवणारी सांगायची ना," मावशी पुढे बोलत होत्या, "तुझी आई ऐंशी दिवस भरल्यावर तुला नवं झबलं घालून तेल घेऊन गेली, नि त्याच महिन्यात तापाने पडली. म्हणजे आमचं पण असेल की यात. बाकीची वही कुठाय?"

बाकीची वही! मी ट्रंक उघडली तेव्हा मला आधीच माहीत होतं. मावशी भाताच्या लावणीत जन्मल्या असं त्यांनी सांगितलं होतं, म्हणजे ऐंशी दिवसांनंतरचं पान दिवाळीच्या पुढेमागे असणार. त्या वर्षाच्या वहीत शिवणीला नुसती कापलेली खुंटं होती, सरळ, स्टीलच्या पट्टीने कापलेली. शंभर वर्षांत त्या समाजाच्या मुलींचा जन्म आणि त्यांच्या आयांचं नाव जिथे लिहिलं गेलं ती एकच जागा, आणि मी ती कापून देशोदेशी भेट दिली होती. वाट लावली होती मी, हौसेने, रिबन बांधून.

मावशींना म्हटलं, "पानं बाहेर गेलीत. मागवते." एवढंच म्हटलं. त्या गेल्यावर सरांना सगळं सांगितलं, रडले. सरांनी कापलेली वही उघडून पाहिली. मग म्हणाले, "मी पण बघितली होती ती पानं. माझ्या आईने माझ्या बहिणीच्या वेळी तेल दिलं असेल. मला कुठे कळलं?" आणि थोड्या वेळाने, "पत्रं तू लिही. खरं काय ते लिही."

कुठलं पान कुणाला गेलं याची यादीच नव्हती. माझ्याकडे यादी होती ती देणाऱ्याचं नाव, पत्ता, पावती, आभार मानल्याची खूण अशी. पानावर काय लिहिलंय ते लिहायची गरज मला कधी वाटली नाही. मग पन्नास जणांना पन्नास पत्रं. इतकी वर्षं मी त्यांना मागायचीच पत्रं लिहिली होती, पण हे मागणं वेगळं होतं. आमची चूक झाली, दिलेलं पान परत द्या, निदान त्याचा फोटो पाठवा. दोघं चिडले, एकाने देणगीच परत मागितली. बाकीच्यांनी मुकाट्याने फोटो पाठवले. सोफ्याच्या वर फ्रेम, फ्रिजच्या बाजूला फ्रेम, काचेत फोटो काढणाऱ्याचा मोबाइल चमकतोय. काही पानं पोस्टाने परतही आली. मी रोज घरी जाऊन डोळ्यांवर ओला रुमाल टाकून पडायची. सून म्हणायची, "आई, सोडा ना यार ती नोकरी."

मावशींचं पान एका म्हाताऱ्या बाईंकडे निघालं, इस्राईलमध्ये. त्यांनी फ्रेम उघडून, काच काढून, उजेडात फोटो घेतला होता. बाईंचा मोबाइल हलला असणार, कडेला जरा अस्पष्ट आहे. पण मधली ओळ स्वच्छ होती. घर, म्हणून मावशींच्या वडिलांचं नाव. आकडा, ऐंशी. दिव्यास तेल. मी खुर्चीतून उठले. "सर, मिळालं!" असं इतक्या जोरात ओरडले की सेक्रेटरी दारात आला.

मग मी ओळीच्या सुरुवातीकडे बघितलं.

डावी कड कापलेली होती. कसर लागली होती म्हणून. अगदी सफाईने, सरळ. आईच्या नावाच्या जागी फक्त शेवटची दोन अक्षरं उरली होती, बाई. त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत सगळ्याच बायकांचं तेवढंच उरलं होतं. बाई, बाई, बाई.

सरांनी फोटो पाहिला आणि दाराआडच्या गोणीकडे पाहिलं. मीही पाहिलं. पण ती गोणी नवीन होती. जुनी गेल्या वर्षीच भरली, ती कबरस्तानात नेताना रिक्षात माझ्याच पायाशी होती. खड्डा खणताना मी कंटाळून मोबाइल बघत उभी होते, हे मला लख्ख आठवतं.

"उकरूया सर," मी म्हटलं. "माणसं लावूया."

"एक पावसाळा गेलाय वरून," सर म्हणाले. "आणि पुरलेलं उकरत नाहीत आमच्यात."

सर फोटोची मोठी प्रिंट घेऊन स्वतः कमिटीकडे गेले. मी बाहेर बाकावर बसले. आत फार वेळ लागला नाही. बाई समाजातली नसती तर ऐंशी दिवस मोजून मशिदीत तेल कशाला घेऊन आली असती, आणि तिचं तेल लिहून कुणी घेतलं असतं, असं तिघांतल्या सगळ्यात म्हाताऱ्याने म्हटलं, आणि विषय मिटला. जागा मावशींचीच राहिली. फक्त रकाना रिकामा ठेवता येत नाही, काहीतरी भरून आणा, म्हणाले.

त्या संध्याकाळी मी फॉर्म घेऊन मावशींच्या खोलीवर गेले. जागा मिळाली हे आधी सांगितलं. त्यांनी नवऱ्याच्या फोटोकडे बघून मान हलवली. मग विचारलं, "आणि नाव?"

मला गोड करून सांगता आलं असतं. लिहायचा धंदाच आहे माझा. पण मी प्रिंट त्यांच्या मांडीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. पट्टी, कटर, कसर, गोणी, खड्डा. "मी कापलं मावशी. तुमच्या आईचं नाव तिथे होतं आणि मी स्वतःच्या हाताने कापलं. माफ करा असं तरी कुठल्या तोंडाने म्हणू?"

मावशी 'बाई' या अक्षरांवर बोट ठेवून बसल्या होत्या. ऐंशीवरून बोट फिरवलं, तेलावरून फिरवलं, परत मागे आल्या. बाहेर कुणाचा तरी टीव्ही मोठ्याने चालला होता. मला वाटलं आता ही मला घराबाहेर काढेल, आणि काढलं असतं तर बरं झालं असतं.

"तो खड्डा," त्या म्हणाल्या, "कुठल्या बाजूला गं?"

"भिंतीलगत. चिंचेच्या झाडाखाली."

"म्हणजे ह्यांच्या कबरीपासून लांब नाही."

"नाही. जवळच."

"हाकेच्या अंतरावर."

मला राहवलं नाही. म्हटलं, "हाक कशी मारणार मावशी? नाव तर मी घालवलं."

मावशींनी फॉर्म ओढून घेतला, माझ्या हातात पेन दिलं आणि त्या रिकाम्या रकान्यावर बोट टेकवलं.

"लिही, 'बाई'. आईला कोण गं नावाने हाक मारतं?"